हिरडीचं सोवळं

“रक्त काढलंत! आता मी देवीला कोणतं तोंड दाखवू?”

सासरे दवाखान्याच्या खुर्चीत अर्धे उठून बसले होते. गळ्यात निळा कागदी रुमाल, डोक्यावर तो गोल दिवा, आणि दाताच्या डॉक्टरीणबाई हातात काडीएवढं अवजार धरून भिंतीला टेकलेल्या. आवाज साधासुधा नव्हता. सासऱ्यांनी उभा जन्म गंधवानीच्या शाळेत मास्तरकी केली. तिथे वर्गाला दारं नव्हती, म्हणून शिकवायचं ते पलीकडच्या टेकाडावर पोचेल असंच शिकवायचं, ही सवय. देवासच्या त्या दवाखान्याच्या काचा हलल्या. बाहेर हायवेवर एका ट्रकनं ब्रेक मारला. उदयनगरच्या जंगलातले मोर त्या दुपारी ओरडले ते काही ढग बघून नव्हे. बाकावर गाल धरून बसलेल्या एका माणसानं दार किलकिलं करून मला विचारलं, “भिया, अंदर क्या हो रिया है?” आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून निघून गेला. त्याची दाढ बहुतेक घरी पोचेपर्यंत बरी झाली असेल.

मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. ती स्वतः थोडं कमी करून सांगते, त्यामुळे आमच्या संसारात सरासरी खरी निघते. पण या हकिकतीत मी मोर आणि ट्रक सोडून फारसं काही घातलेलं नाही.

मी देवासचा. वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले, आणि मीही त्याच भागात पंपांच्या देखभालीत केस पांढरे केले. सासर धारचं. तिथली घरं आमच्यासारखी नोकरीमागे आलेली नाहीत, संस्थानच्या काळापासूनची. त्यांचं मराठीही त्याच काळातलं. आम्ही देवासकर हिंदी, माळवी आणि मराठी एकाच कढईत परततो. सासरे मात्र अजून “जावईबापू, आपण भोजनास बसावें” असं म्हणतात, आणि तो शेवटचा अनुस्वार मला ताटात पडलेला स्पष्ट दिसतो.

त्यांच्या घराकडे एका देवीच्या देवळाची पूजा आहे. देऊळ केवढं, तर आत एक माणूस बसला की देवीला जरा सरकून बसावं लागतं. पण पूजा पिढ्यान्‌पिढ्यांची. मुलगा बंगळूरला, मुलगी मला दिलेली. म्हणजे सासऱ्यांच्या मागे कोणी नाही. ते स्वतः याबद्दल कधी बोलत नसत. फक्त ताप असो, लग्न असो, कोणाचं काही असो, पहाटेची पूजा त्यांच्याच हातची. त्यांना वाटायचं, एक दिवस जरी हात सुटला तरी मग सुटलाच. त्या घराचा आणखी एक नियम होता: अंगातून रक्त येत असेल तर गाभाऱ्यात जायचं नाही. बोट कापलं तरी नाही. रक्त आलं की सोवळं मोडलं.

आता दाताचं.

काही वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरून सासऱ्यांचे वरचे पुढचे दोन दात समईवर आपटले. समईला अजून पोचा आहे. दात गेले. कवळी केली, तर ती पहिल्याच आरतीत सुटून ताम्हनात पडली. सासूबाईंनी ती तीर्थाच्या पळीनं बाहेर काढली आणि पदराखाली झाकली. त्या आरतीला हजर असलेली माणसं धारमध्ये अजून मिळतात, आणि दरवर्षी त्यांची संख्या वाढते आहे. मग आम्ही त्यांना देवासला आणलं. डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले, हाड धरेपर्यंत काही महिने थांबल्या, आणि वर दात चढवले. इम्प्लांट म्हणतात त्याला. आमच्याकडे सगळे ‘पक्के दात’ म्हणतात.

डॉक्टरीणबाई मूळच्या मराठीच, पण शाळा सगळी हिंदीत. मराठी बोलतात ते चप्पल उलटसुलट घालून चालल्यासारखं. पडत नाहीत, पण बघणाऱ्याला काळजी वाटते. सासऱ्यांनी पहिल्या भेटीत हिरडी दुखते म्हणून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आजोबा, हिरडा तो त्रिफळामध्ये टाकतात ना?” मी मध्ये पडून हिरडी म्हणजे मसूडा असं सांगितलं. सासऱ्यांनी तेव्हाच डोळे मिटून घेतले होते. पण हात हलका होता बाईंचा, आणि दात सुरेख बसले. जाताना त्यांनी बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असावं तसा एक बारीक ब्रश दिला, दाताच्या मुळाशी रोज फिरवायला सांगितलं, आणि शेवटी एक वाक्य बोलल्या: “या दातांना कीड कधी नाही लागणार.”

ते वाक्य खरं होतं. सासऱ्यांनी तेवढंच घरी नेलं.

आता परत त्या दुपारी येऊ. होळी नुकतीच होऊन गेली होती. सासऱ्यांचा पुढचा एक दात हलल्यासारखा वाटतो म्हणून सासूबाईंनी हिच्या मागे लागून त्यांना देवासला आणवलं होतं. सासऱ्यांचं म्हणणं, दुखत नाही तर दाखवायचं काय? डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, ब्रश करताना रक्त येतं का? ते म्हणाले, नाही. मग त्यांनी खुणा केलेली ती बारीक काडी दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घातली. अलगदच, मी शेजारी उभा होतो. काडी खाली, खाली, आणखी खाली गेली, आणि दाताभोवती रक्ताची रेघ उमटली. त्यावर सासरे ओरडले, आणि ट्रकनं ब्रेक मारला.

बाईंनी माफी मागितली. म्हणाल्या, “पण आजोबा, तुम्ही तर बोलले की ब्रश करते वेळी रक्त नाही येत.”

“कसं येईल?” सासरे गरजले. “तिथं मी ब्रश लावतच नाही. लावला की येतं. म्हणून तर इतके दिवस सोवळ्यात होतो.”

बाईंनी हातातली काडी ट्रेमध्ये ठेवली. तो दिवा सुद्धा जरा मंद झाला असं मला वाटलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोनेक वर्षांपूर्वी एका पहाटे चूळ टाकली तर पाणी गुलाबी. त्या दिवशी त्यांनी पडसं आहे असं सांगून पूजेला उशीर केला, पुनःपुन्हा चुळा भरल्या, पाणी पांढरं झाल्यावर आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाबी. तिसऱ्या दिवशी त्या दोन दातांना ब्रश लावलाच नाही, आणि पाणी स्वच्छ. झालं. त्यांना वाटलं, उपाय सापडला. बाकीचे दात घासायचे, मधल्या जागी बोटानं पाणी फिरवायचं. कोणाला सांगायचं कारणच नव्हतं. पक्क्या दाताला कीड लागत नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं, दुखत काही नव्हतं, रक्त दिसत नव्हतं. गडी शुद्ध.

सासूबाई भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि फक्त पिशवीचे बंद सरळ केले.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पडद्यावर दाखवला. दोन स्क्रू, आणि एकाच्या भोवती काळी वाटी. ती वाटी म्हणजे गेलेलं हाड, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि मी ते माझ्या भाषेत सासऱ्यांना सांगितलं. आपल्या जन्माच्या दाताला हिरडी बारीक दोऱ्यांनी शिवलेली असते. मुळाशी धाग्यांचा टाका असतो. या स्क्रूला तो टाका नसतो. तिथे हिरडी नुसती बिलगून असते, मनगटाला बांगडी असावी तशी. पंपाच्या दांड्याभोवती आम्ही पॅकिंग भरतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, तसंच. पॅकिंगशी घाण साचू दिली की आधी एखादा थेंब दिसतो. तो थेंब पंपाची हाक असते. पुसून टाकला आणि बघितलंच नाही, तर पंप काही तक्रार करत नाही. चालत राहतो. आणि एक दिवस आतलं सगळं खाल्लेलं निघतं.

“म्हणजे रक्त ही हाक होती,” सासरे म्हणाले.

“जी आजोबा,” बाई म्हणाल्या. “मसूडा नाराज होता. तो बोलत होता, तुम्ही त्याला गप्प बसवलं.”

मराठी चुकतमाकत बोलणाऱ्या त्या पोरीनं हे वाक्य इतकं नीट कसं बांधलं, मला माहीत नाही. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. या वेळी मराठीमुळे नव्हे.

निकाल असा लागला: वाटी पडलेला दात काढावा लागणार, तो वाचत नव्हता. दुसरा वाचेल. शेजारचे जन्माचे दातही वाचतील, त्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या पण हाड शाबूत होतं. पण त्यासाठी आत साफ करायचं आणि मग रोज दोन वेळा तो बारीक ब्रश नेमका तिथेच फिरवायचा, जिथे रक्त येतं. येऊ द्यायचं. घाबरून थांबायचं नाही. काही आठवडे येईल, मग कमी होत जाईल, मग बंद. थांबलात तर दुसराही जाईल.

सासऱ्यांनी विचारलं, “आणि तोवर पूजा?”

बाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, “मी करीन.”

एवढंच. सासऱ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, जणू स्टूल बोललं होतं. त्या घरात फुलं सासूबाई तोडत, चंदन त्या उगाळत, नैवेद्य त्यांचा, वाती त्यांच्या. पण उंबऱ्याच्या आत हात कधी लागला नव्हता. सासरे काही बोलणार होते. पण तेवढ्यात बाईंनी त्यांच्या तोंडात कापूस भरला, आणि मी आजवर पाहिलेल्या वैद्यकीय साधनांमध्ये त्या कापसाइतकं उपयोगी काही नाही.

देवासहून धारला मी त्यांना गाडीनं सोडलं. एरवी इंदूर येईपर्यंत सासऱ्यांचा संस्थानचा इतिहास संपून अलीकडची बिघडलेली पिढी सुरू होते. त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. ती शांतता इतकी जड होती की गाडीनं पेट्रोल जास्त खाल्लं. मागे सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, प्रार्थना करताहेत. नंतर लक्षात आलं, त्या पूजेचा क्रम म्हणून बघत होत्या.

घराच्या मागे पडवी आहे आणि पडवीच्या टोकाला देवळाची भिंत. त्या टोकाच्या कोपऱ्यात पूर्वी घरातल्या बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसत. चटई, तांब्या, वेगळी ताटली. माझ्या बायकोच्या लहानपणीच ते थांबलं, कोणी ठरवून नव्हे, आपोआप. त्यानंतर तिथे जुनी सायकल आणि कुंड्या होत्या.

रात्री मी तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघतो तर सासऱ्यांनी सायकल बाहेर काढलेली, कुंड्या सरकवलेल्या, आणि त्या कोपऱ्यात चटई टाकून स्वतः बसलेले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माजघरात बसा म्हणून ही देवासहून त्यांना फोनवर सांगत होती, मी समोर उभा राहून सांगत होतो. ते म्हणाले, ओवळ्या माणसाची जागा ही आहे, नियम सगळ्यांना सारखा. माणूस हट्टी, पण खोटा नाही. हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात तो बाटली धुणारा ब्रश, शेजारी पाण्याची बादली. ब्रश फिरवायचे, चूळ टाकायचे, पाण्याचा रंग बघायचे आणि मान खाली घालायचे.

भिंतीपलीकडे घंटा वाजली. रोजच्यापेक्षा मऊ, जरा अडखळत. सासऱ्यांचं सगळं अंग कान झालं. मी खोटं सांगत नाही, त्या दिवसांत त्यांचे कान खरोखर मोठे झाले असावेत. सुरुवातीला ते भिंतीतूनच शिकवायचे. आधी शंख, मग घंटा. पाणी डावीकडून. फुलाचं देठ देवीकडे नको. गंधवानीचा आवाज, देवीलाही दोन-चार गोष्टी नव्यानं कळल्या असतील. पलीकडून उत्तर यायचं नाही. पूजा आपल्या चालीनं चालू राहायची. काही दिवसांनी भिंतीतून शिकवणं थांबलं.

मधे एकदा देवासला येऊन तो दात काढून घेतला. त्यांनी तो स्क्रू मागून घेतला, तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला. धातू जसाच्या तसा, चकचकीत. “याचं काही बिघडलं नाही,” ते म्हणाले. “भोवतालचं गेलं.” समोर फट पडली, आणि ‘स’ म्हणताना त्यातून वारा यायला लागला. सोवळं हा शब्द तर त्यांनी महिनाभर टाळलाच.

मी दर रविवारी जाऊन यायचो. एव्हाना चैत्र लागला होता. दुपारचं ऊन पडवीत तिरपं शिरायचं आणि थेट त्या कोपऱ्यात येऊन बसायचं, जणू त्याचीही ती ठरलेली जागा. सासरे पंचा डोक्यावर घेऊन बसलेले असायचे, घामाघूम. मी उठा म्हणायचो, ते उठायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ ब्रश मात्र चुकवला नाही. आधी जी जागा ते टाळत होते तिथे आता इतक्या काळजीनं हात जायचा, जसा देवीच्या डोळ्यांना काजळ लावताना जायचा. पाणी लालचं गुलाबी झालं. गुलाबीचं फिकं झालं. मधे एक दिवस पुन्हा लाल झालं तेव्हा त्यांनी आरसा पालथा घातला आणि जेवले नाहीत. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं, आग्रह केला नाही.

एकदा मी विचारलं, एवढं काय, पूजा तर होते आहे ना रोज? ते म्हणाले, “पूजा होते. तेंच तर.” आणि पुन्हा आरसा उचलला. मी पंपाचा माणूस. मला एवढंच कळलं की ज्या हाताशिवाय चालणार नाही असं त्यांना आयुष्यभर वाटत होतं, त्या हाताशिवाय घंटा वाजत होती. आणि ती आता अडखळत नव्हती.

मग एकदा मी शनिवारीच मुक्कामाला आलो होतो, तर रविवारी पहाटे मला हाक आली. “जावईबापू, पाहावें.”

मी पडवीत गेलो. त्यांनी ब्रश फिरवला, पांढऱ्या वाडग्यात चूळ टाकली आणि वाडगा माझ्यापुढे धरला. आजवर मी जेवढे पंप तपासले त्यातल्या एकाचंही पाणी मी इतक्या गंभीरपणे बघितलं नसेल. स्वच्छ. मी उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं. स्वच्छच. त्यांनी ओठ वर करून हिरडी दाखवली. घट्ट, फिकी गुलाबी, दाताला बिलगून बसलेली. मी मान हलवली. वाडगा दोन्ही हातांनी त्यांना परत दिला.

सासऱ्यांनी आंघोळ केली, सोवळं नेसले, आणि देवळाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत सासूबाई होत्या. पूजा अर्ध्यावर होती. त्यांनी उंबरा ओलांडला नाही. थांबले. सगळी होईपर्यंत, शेवटचं फूल वाहीपर्यंत, हात जोडून बाहेर उभे. सासूबाईंनी ताम्हन उचललं, मागे वळल्या, त्यांना पाहिलं, आणि पळीभर तीर्थ त्यांच्या तळहातावर घातलं. त्यांनी ते घेतलं. ओठ पुसले. आणि तोंडातल्या त्या फटीतून वारा येत असतानाही प्रत्येक शब्द नीट लावून म्हणाले, “आत घंटा वाजते आणि आपण भिंतीच्या पलीकडे बसायचं. ते काय असतं, ते तुला नाही कळायचं.”

सासूबाई ताम्हन पुसत होत्या.

“त्या कोपऱ्यात दुपारी ऊन येतं,” त्या म्हणाल्या. “चटई भिंतीकडे ओढली की लागत नाही.”